धुरपदाची काबरी

फार वर्षांपूर्वी, साहेबाची मोठी लढाई चालली होती आणि समुद्रापल्याडच्या बसऱ्याचं नाव आपल्या माळावरच्या म्हाताऱ्यांनाही पाठ झालं होतं, तेव्हाची ही गोष्ट. करंजदरा नावाचं गाव. गावाला दगडी वेस, आणि वेशीबाहेर ओढ्याच्या अंगाला महारवाडा. तिथं धुरपदा राहायची. अंगानं काटकुळी, जिभेनं तिखट. तलाठीसुद्धा तिच्या तोंडी लागायचा नाही, असं म्हणतात.

तिचा एकुलता एक मुलगा नामा पलटणीत भरती होऊन बसऱ्याला गेला. गेला तेव्हा त्याची बायको पोटुशी होती. मागाहून मुलगी झाली आणि धुरपदानं तिचं नाव रंगू ठेवलं. नामानं लेकीचं तोंड काही बघितलं नव्हतं.

त्या साली पावसानं दडी मारली आणि दसऱ्याच्या सुमाराला मानमोडीची साथ आली. ताप चढायचा, अंग मोडून यायचं, आणि धट्टंकट्टं माणूस खोकता खोकता हातचं जायचं. पण त्या दुखण्याचा डोळा बायकांवर जास्त होता. बाईमाणूस अंगात ताप घेऊन नवऱ्याचं, सासूचं, पोरांचं करत राहायची. सगळ्यांचं उरकून ती आडवी झाली की तिचं करायला कुणी उठायचं नाही. अंगावर पिणारी लेकरं मागं टाकून किती आया गेल्या. धुरपदाची सूनही तशीच गेली.

रंगूनं टाहो फोडला. बोंडल्यानं दूध घातलं तर ती थुंकून टाकायची. धुरपदापाशी एक शेळी होती, काबरी. गावातल्या गाई-म्हशी चाऱ्यावाचून आटल्या होत्या, पण शेळीला काटाही चालतो, तेव्हा काबरी दूध राखून होती. शेवटी वैतागून धुरपदानं रंगूला गोणपाटावर निजवलं आणि काबरीला तिच्यावर उभं केलं.

"घे बाई, आता तूच बघ हिच्याकडं," ती शेळीला म्हणाली.

काबरीनं मागचे पाय फाकवले आणि रंगू लुचूलुचू पिऊ लागली. धुरपदा बाजूला बसून खूप रडली. सून गेली तेव्हा रडायला तिला सवडच झाली नव्हती.

पोट भरून रंगू झोपली तेव्हा धुरपदाला वेशीच्या आतली रडणी ऐकू आली. पाटलाची सून गेली होती, तिचा मुलगा रडत होता. शिंप्याच्या घरी एक मुलगी रडत होती, मुलाण्याच्या घरी एक मुलगा. धुरपदानं गाडगंभर दूध काढलं आणि वेशीपाशी ठेवून ती लांब उभी राहिली. तिनं आत जायचं नाही, हा तेव्हाचा रिवाज. आतून माणसं आली, त्यांनी गाडग्याकडं बघितलं, एकमेकांकडं बघितलं, आणि परत गेली. महारवाड्यातलं गाडगं उचलायचं कुणी? संध्याकाळपर्यंत दुधाला मुंग्या लागल्या आणि आत लेकरं रडतच होती. अक्कल गहाण टाकणं म्हणतात ते हेच.

धुरपदाचं डोकं फिरलं. ती वेशीतून ओरडली, "माझ्या गाडग्याला इटाळ हाय, शेळीला तर न्हाई? रोज तुमच्याच बांधावर तोंड घालती. तिला शिवून कुणी आंगुळ केल्याली मी बघितली न्हाई."

धुरपदानं काबरीच्या पाठीवर थाप मारली आणि काबरी एकटीच वेशीतून आत गेली. पाटलाच्या ओसरीवर चढली आणि रडणाऱ्या पोरावर पाय फाकवून उभी राहिली. तिथून शिंप्याकडं, तिथून मुलाण्याकडं. तिला घरं कुणी दाखवली नाहीत, रडणं ऐकून ती आपण होऊन गेली, असं म्हणतात. मग रोजचाच पायंडा पडला. काबरी आत जायची आणि धुरपदा वेशीबाहेर उन्हात उभी राहून आतलं रडणं थांबायची वाट बघायची. शेळीला दूध यावं म्हणून ती बाभळीच्या शेंगा झोडायची, टेकडीवरून पाला आणायची, आणि स्वतःची अर्धी भाकरीही तिलाच चारायची.

पण शेळी ती शेळी. एके दिवशी ती परत आली ती रिकामी कास घेऊन. रंगूला थेंब मिळाला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. रंगूचं रडणं इतकं बारीक झालं की जवळ कान नेल्याशिवाय ऐकू येईना. तिसऱ्या सकाळी धुरपदानं काबरीला दाव्यानं खुंट्याला बांधून टाकलं. आत लेकरं रडायला लागली तशी ती कानांवर हात ठेवून बसली. तिचं चुकलं असं करंजदऱ्यात कुणी म्हणत नाही, आणि मीही म्हणणार नाही.

दिवस वर आला आणि वेशीतून थोरली पाटलीण बाहेर आली. मेलेल्या सुनेची ही सासू. कडेवर नातू, डोक्यावर पाटी. महारवाड्याकडं तिचं पाऊल उभ्या जन्मात वळलं नव्हतं. ती धुरपदाच्या अंगणात येऊन उभी राहिली.

"धुरपदे, शेळी का गं आली न्हाई?"

"शेळी एक आन् पोरं चार, पाटलीणबाई. माझी नात मराया लागली. मी सोडायची न्हाई."

पाटलिणीनं पाटी खाली ठेवली. बैलांसाठी राखलेलं तुरीचं भुसकट होतं ते.

"ह्या साली बैल कुठं औताला जायचं हायेत? हिला खाऊ दे. आदी तुझ्या पोरीला पाज. उरलं तर ह्याला," ती म्हणाली, आणि तिथंच मातीत फतकल मारून बसली.

धुरपदानं काबरीपुढं भुसकट ओतलं आणि तिला रंगूवर उभं केलं. थोड्या वेळानं शिंप्याची म्हातारी पोर घेऊन आली, मुलाण्याची म्हातारी नातू आणि पाल्याचा भारा घेऊन आली. तेव्हापासून लेकरं धुरपदाच्या अंगणातच वाढली. काबरी इतकं दूध देऊ लागली की चौघं पिऊन उरलेलं मातीत सांडायचं, आणि त्या दुष्काळात तेवढ्या जागेवर हिरवं गवत उगवलं. चारही लेकरं जमल्याशिवाय ती पान्हाच सोडत नसे, असं म्हणतात.

मानमोडी ओसरली तसे पंचांना पंच असल्याचं आठवलं. पाटलीण बाटली, तिनं प्रायश्चित्त घ्यावं, असं ठरलं. पाटलीण म्हणाली, "मी तर आंगुळ करीन. पर पोरगं आतनं बाटलंय. त्याला उलटं करून धुवू का?" पंच खाली बघून सुपारी कातरत बसले.

मग लढाई संपली आणि नामा घरी आला. अंगात पलटणीचा डगला, गालफडं बसलेली. बायको गेल्याचं त्याला वाटेतच कळलं होतं. अंगणात येऊन बघतो तर चार लेकरं रांगतायत. शिंप्याच्या म्हातारीनं एकाच कापडातून झबली शिवलेली, चौघांच्या तोंडाला दूध, चौघांच्या अंगाला माती.

"आये, ह्यातली माझी कंची?" त्यानं विचारलं.

"वळख," धुरपदा म्हणाली.

नामाला ओळखता येईना. पुढं वाकावं तर पाटलीण समोर बसलेली. चुकून पाटलाचं लेकरू उचललं गेलं तर? बसऱ्याला तोफांपुढं उभा राहिलेला तो गडी हात मागं बांधून उभा राहिला. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही त्यानं हात पुढं आणला नाही.

पाटलीण उठली. तिनं आपल्या नातवाला उचललं आणि नामाच्या छातीशी दिलं. "धर. तुझ्या पोरीच्या वाटणीचं पिऊन जगलंय हे," ती म्हणाली.

नामानं त्याला धरलं. मग शिंप्याच्या मुलीला उचललं, मग मुलाण्याच्या मुलाला. सगळ्यांत शेवटी रंगू उरली. बापाच्या कडेवर चढल्या चढल्या तिनं त्याच्या डगल्याचं बटण तोंडात घातलं. धुरपदा इतकी हसली की तिला ठसका लागला.

धुरपदा कधी गेली, काबरी कधी गेली, हे आता कुणाला सांगता येत नाही. गावाची वेसही पडली. पण करंजदऱ्यात आजही बारसं असलं की बापानं आधी स्वतःचं लेकरू घ्यायचं नाही. वेस होती तिथून त्यानं पलीकडं जायचं, आतल्यानं बाहेर, बाहेरच्यानं आत. तिथल्या कुणाचंही लेकरू उचलायचं, ते हसेपर्यंत खेळवायचं, आणि मग घरी येऊन आपलं घ्यायचं. एखादा परगावचा जावई नवा असतो. इकडं पाळण्यातलं लेकरू रडायला लागतं, त्याचा जीव राहत नाही, तो पाळण्याकडं धावतो. तेव्हा दारातल्या म्हाताऱ्या त्याची वाट अडवतात आणि म्हणतात, "आदी पल्याडचं उचलून ये, बाबा. हे तुझंच हाय, कुठं जात न्हाई."