किमोनोची डावी बाजू

फार पूर्वी, जपानातल्या एका नदीकाठच्या गावात एक कारागीर राहत होता. चित्रकार पातळ कागदावर चित्र काढायचा, कारागीर तो कागद लाकडी फळीवर चिकटवून ठसा कोरायचा आणि त्या ठशाने चित्रं छापली जायची. नावेतल्या सहली, नाटकं, कुस्त्या, गावाची सगळी मौजमजा त्या चित्रांत असे. कोरता कोरता मूळ कागद मात्र खरवडून जाई.

त्याच गावात तीन तारांचं वाद्य वाजवणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांच्याशिवाय एकही सहल रंगत नसे. त्या हिवाळ्यात बाई मरता मरता वाचल्या. म्हणून चेरीच्या फुलांच्या जत्रेत त्यांचं चित्र घरोघर द्यायचं, असं गावाने ठरवलं.

कारागिराने जीव ओतून ठसा कोरला. चित्रात बाईंच्या अंगात किमोनो होता, म्हणजे समोर एका बाजूवर दुसरी बाजू घेऊन बांधायचा लांब अंगरखा. पहिलं चित्र छापलं आणि चित्रं छापून घेणारा दुकानदार खूश झाला. तेवढ्यात चहा घेऊन आलेली कारागिराची बायको थबकली.

“अहो, किमोनोची उजवी बाजू वर आलीय! जिवंत माणूस डावी बाजू वर घेतो. असं तर मेलेल्या माणसाला घालतात!”

कारागिराने ठसा उचलून पाहिला. कागद पालथा चिकटवला तरच चित्र सुलटं छापलं जातं. घाईघाईत त्याने तो उताणाच चिकटवला होता. आणि मूळ चित्र तर केव्हाच भुशात गेलं होतं.

“कोण बघतंय? लोक चेहरा बघतात,” दुकानदार म्हणाला. “फुलं चार दिवसांत गळतील. छाप मुकाट्याने!”

“बाई बघतील ना,” कारागीर म्हणाला.

ते उलटं छापलेलं चित्र घेऊन तो चित्रकाराच्या घरी निघाला. चित्रकाराचे हात आता थरथरत असत. हे त्याचं शेवटचं चित्र होतं.

“काका, तुमचं चित्र मी घालवलं,” एवढं बोलून कारागीर रडायलाच लागला.

“गाढवा!” चित्रकार ओरडला. त्याने चित्र उन्हात धरलं, उलटसुलट करून पाहिलं आणि त्याला हसू फुटलं. “अरे, रडतोस काय? पुन्हा तीच चूक कर! हे उलटं चित्र घे आणि असंच उताणं चिकटव. उलट्याचं उलटं सुलटंच होतं की!”

भीतीपायी एवढी साधी गोष्ट कारागिराला सुचली नव्हती. त्याने सगळा ठसा नव्याने कोरला. तोवर फुलं गळून गेली आणि दुकानदार तोंड फुगवून बसला. नव्या ठशाचं पहिलं चित्र कारागीर स्वतः बाईंकडे घेऊन गेला.

बाईंनी चेहरा पाहिलाच नाही. त्यांचं बोट थेट गळ्यापाशी गेलं आणि किमोनोच्या काठावर थांबलं.

“हिवाळ्यात लेकीने माझा शेवटचा किमोनो काढून ठेवला होता रे,” त्या म्हणाल्या. “उजवी बाजू वर करून घालणार होते मला.” त्यांनी डोळे पुसले. “यात मात्र मी जिवंत आहे.”

मग वाद्य घेऊन त्या बिनफुलांच्या झाडाखाली जाऊन बसल्या. ऐकायला सगळा गाव आला. दुकानदारसुद्धा आला.

तात्पर्य: झाकलेली चूक उलटीच राहते, मोकळ्या मनाने सांगितली, तर तिचंही सुलटं होतं.