गिरजाच्या परसातली चार फळझाडं

घाटमाथ्यावरच्या एका गावात गिरजा नावाची एक बाई राहायची. नवरा घाटाखाली कामाला, बाजाराच्या दिवशी तेवढा घरी यायचा. बाकी घरात दोघीच, गिरजा आणि तिची लहान मुलगी मंजी. घरामागे छोटंसं परस होतं. एका कडेला काळा कातळ वर आलेला, दुसऱ्या कडेने न्हाणीचं पाणी वाहून जायचं, आणि मधे थोडी बरी माती.

एका पावसाळ्यात मंजी तापाने फणफणली. ताप उतरला, पण पोरीच्या तोंडाची चव गेली ती गेलीच. भाकरीचा घास तोंडात घोळवायची आणि आईची पाठ वळली की हळूच ताटाखाली सरकवायची. हातापायांच्या काड्या झाल्या.

वैद्यबुवांनी नाडी पाहिली आणि म्हणाले, "औषधाचं काम संपलं. आता हिला रोज ताजं फळ दे. आंबटगोड काहीतरी. जिभेला चव आली की भूकही लागेल."

"रोज कुठून आणू? बाजार आठवड्याने भरतो, तोही घाटाखाली."

"मग घरीच झाडं लाव," एवढं बोलून वैद्यबुवा निघून गेले.

गिरजाने ते मनावर घेतलं. पण एका झाडावर भागणार नव्हतं. थंडीत स्ट्रॉबेरी लागते, थंडी सरताना कागदी टोपीतली पिवळी रसभरी, ऊन तापू लागलं की तुती, आणि वैशाखात करवंदं. चारही लावली तर एकीचा बहर सरेपर्यंत दुसरीचा सुरू होईल, असा तिने हिशेब मांडला आणि कामाला लागली.

शेजारी आबा राहायचे. त्यांच्या परसात नुसती स्ट्रॉबेरी, आणि ती अशी की रस्त्याने जाणारा माणूस थांबून बघायचा. गिरजाने रोपं मागितली. आबांनी ती मोकळ्या हाताने दिली, वर सल्लाही दिला.

"सूनबाई, चार जातींची झाडं एका जागी नांदत नाहीत. एक काय ते धर आणि नीट कर."

"मला चारही लागतील, आबा."

"बघ बाई!"

गिरजाने मधल्या चांगल्या मातीत चारही झाडं ओळीने लावली. एकीवर माया जास्त आणि एकीवर कमी, असं तिला करायचं नव्हतं. म्हणून सगळ्यांना सारखं शेणखत, सारखं पाणी, सकाळ-संध्याकाळ.

झालं भलतंच. करवंदाची पानं पिवळी पडून गळायला लागली. तुती भराभर वाढली आणि तिने स्ट्रॉबेरीचं ऊन अडवलं. रसभरी आडवीतिडवी पसरून सगळ्यांच्या अंगावर पडली. अख्ख्या थंडीत हाती लागली ओंजळभर स्ट्रॉबेरी.

ती ओंजळ मंजीने बसल्या जागी संपवली. मग रिकाम्या वाटीकडे बघत म्हणाली, "आई, अजून दे ना."

तापानंतर पोरीने पहिल्यांदा काही मागितलं होतं, आणि आईकडे द्यायला काही नव्हतं. गिरजा तोंड फिरवून चुलीपाशी गेली.

दुसऱ्या दिवशी आबा कुंपणापाशी आले. "ती बाकीची तिन्ही उपटून टाक. परसभर लावायला रोपं मी देतो. पोरीला पोटभर स्ट्रॉबेरी खाऊ घाल."

ते तिच्या भल्याचंच सांगत होते. गिरजाने कोयता घेतला आणि करवंदापाशी जाऊन उभी राहिली. मग थांबली.

"आबा, होळी झाल्यावर तुमच्या परसात काय असतं?"

"होळीनंतर? काही नाही. ऊन सोसत नाही तिला."

"मग होळीनंतर माझ्या मंजीने काय खायचं?"

गिरजाने कोयता परत खुंटीला लावला.

त्या दुपारी ती मंजीला कडेवर घेऊन सड्यावर, गावाबाहेरच्या उघड्या कातळमाळावर गेली. तिथे करवंदाच्या जाळ्या दगडाच्या फटीतून वर आल्या होत्या, हिरव्यागार. ना कुणी त्यांना पाणी घालत होतं, ना खत. "अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली, "मी तर हिला पाणी पाजून मारत होते!" पुढे ओढ्याकाठी तुतीचं झाड दिसलं. त्याची मुळं ओलीत होती आणि डोकं उन्हात. स्ट्रॉबेरीचं गणित आबांनीच समजावलं: उंच गादीवाफा, कोवळं ऊन, आणि फळ मातीला टेकू नये म्हणून खाली वाळलेलं गवत.

रसभरीचं मात्र कुणालाच नीट सांगता येईना. गिरजाने तिची रोपं ठिकठिकाणी लावून पाहिली. कुठे जळाली, कुठे कुजली, शेवटी न्हाणीच्या पाण्याच्या कडेला, काठ्यांच्या आधाराने तगली.

पुढच्या पावसाळ्यात तिने सगळं परस नव्याने मांडलं. पहारीने कातळाच्या फटी मोठ्या करून त्यात करवंदं लावली. हाताला फोड आले. येणारे-जाणारे हसायचे, "गिरजा दगडात शेती करते गं!" ती मान वर न करता पहार मारत राहायची. तुती तिने मावळतीच्या कडेला नेली आणि थंडीच्या तोंडाला तिच्या फांद्या छाटून टाकल्या, म्हणजे मधल्या मातीतल्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यावर ऊन येईल.

त्या थंडीत वाटी भरली. मग रसभरी आली, आणि चैत्रात थोडी तुतीही. करवंदं मात्र आली नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षीही नाहीत. लोक म्हणाले, "काढून टाक ते काटे." गिरजा म्हणाली, "मुळं धरतायत अजून. धरू देत."

तिसऱ्या वर्षी, स्ट्रॉबेरीचा बहर ऐन भरात असताना एका दुपारी आभाळ काळं झालं आणि गारा कोसळल्या. घटकाभरात आबांच्या परसाचा चिखल झाला. गिरजाची स्ट्रॉबेरीही गेली, रसभरी मोडून पडली. मंजी दारात उभी राहून रडायला लागली. गारा थांबताच गिरजा परसात उतरली आणि मोडलेल्या फांद्या गोळा करू लागली.

छाटलेल्या तुतीला तेव्हा नुसते डोळे फुटत होते. गारांनी त्यातले थोडे झडले, राहिले ते वाढले, आणि चैत्रात झाड तुतींनी लगडलं. कातळावरच्या करवंदांना तर गारांनी काहीच केलं नव्हतं. त्यांना पांढरी फुलं आली आणि वैशाखात जाळ्या काळ्याभोर झाल्या. मंजी काट्यांतून हात घालून करवंदं तोडायची, ओठ जांभळे करून घरात यायची आणि ओरडायची, "आई, भूक लागलीय, भाकरी वाढ!"

ते ऐकून कुंपणापलीकडे आबा हसले. थोड्या वेळाने ते स्वतःच आत आले.

"सूनबाई, तुतीच्या दोन फांद्या देशील? आणि एखादं करवंदाचं रोप?"

"देते की. पण आबा, आधी तुमच्या परसात जाऊन बसू. दुपारची सावली कुठे पडते, पाणी कुठे साचतं, ते बघू. मग खड्डे खणू."

"आणि नाही जमलं तर?"

"तर उपटून दुसरीकडे लावू," गिरजा म्हणाली आणि तिने पहार उचलून खांद्यावर घेतली.

तात्पर्य: ज्याला जे मानवतं ते त्याला दिलं, तर वेगवेगळ्या स्वभावाचे सगळे एकाच अंगणात सुखाने वाढतात आणि अडचणीत एकमेकांची जागा भरून काढतात, पण कुणाला काय मानवतं हे कळेपर्यंत चिकाटीने शोधत राहावं लागतं.