पान्याची इभ्रत

फार पूर्वी, हत्यारांना वाचा होती तेव्हाची गोष्ट. खडी फोडणाऱ्या एका यंत्रावर वाटीएवढा नट आवळायचा होता. यंत्र सुरू झाले की सारे थरथरे, आणि नटाच्या बरोबर खाली दगड फोडणारा जबडा होता.

पाना आला, नटाला धरून दोनदा कण्हला आणि म्हणाला, "झालं काम!"

"पानेसाहेब, मी अजून हलतोय हो," नट काकुळतीला आला. "आणखी जोर लावा."

कोपऱ्यातले लोखंडी नळकांडे म्हणाले, "मला तुमच्या दांड्यावर चढवा. दांडा लांब झाला की जोर आपोआप वाढतो."

"तुला? पोकळ, गंजक्या! आमच्या घराण्यात कुणी कुबडी घेतलेली नाही," पाना गरजला. "आणि घट्ट झालं की नाही, हे नटानं ठरवायचं?"

शेजारच्या हातोड्याने पान्याच्या बाजूने मान डोलावली. तो नेहमीच डोलावत असे.

यंत्र सुरू झाले. नट सैल होत होत निसटला आणि जबड्यात पडून चेपला.

संध्याकाळी नवा नट आला. पाना म्हणाला, "आधीचा फार कुरकुऱ्या होता. तुझं काय?"

नव्या नटाने जबड्याकडे पाहिले. "छे छे, साहेब! मी अगदी घट्ट आहे."

पान्याने त्याला अजून हातही लावला नव्हता.