फोटोमागची ओळ

"पण बाबा, लोक जे शोधतात तेच लिहायला नको का?"

केतकीचा आवाज जरा चढलाच. गिरणाकाठच्या त्या मठात वाट चुकलेली, घर विसरलेली तेवीस माणसं राहत होती. त्यांचे फोटो असलेली मठाची वेबसाइट तिने उभी केली होती. फोटो इतके हलके केले होते, की साध्या फोनवरही चटकन उघडत. साइटवर रोज वीस माणसं यायची, ती आता चारशे येत होती. बाबांनी एकदा तरी शाबासकी द्यावी, एवढीच तिची इच्छा होती.

दयाळगिरी बाबा ओसरीवर मावशींची नखं काढत होते. मावशी दीड वर्षापूर्वी स्टेशनवर सापडल्या होत्या. त्या बोलत नसत. नावही कुणाला ठाऊक नव्हतं.

"ह्यांच्या फोटोमागे काय लिहिलंस?"

"प्रत्येक फोटोमागे एक ओळ असते, बाबा. सर्च त्या ओळीवरून फोटो शोधतं. ज्यांना दिसत नाही, त्यांना फोन तीच ओळ वाचून दाखवतो."

"मग वाच की."

बाबांनी डोळे मिटले.

"निराधार आश्रम, उत्तम वृद्धसेवा, खानदेश."

"...पुन्हा वाच."

तिने वाचलं. बाबांचे डोळे मिटलेलेच.

"कोण आहे गं?"

"मावशीच की! तुमच्यासमोर बसल्यात."

"मला नाही दिसल्या."

केतकीने फोनवर बाकीचे फोटो चाळले. तेवीसही फोटोंमागे तिने तीच ओळ लिहिली होती.

बाबांनी डोळे उघडले, नेलकटर तिच्या हातात दिलं आणि ते उठले.

"डावा हात राहिलाय त्यांचा."

चार महिने ती मठात येत होती, पण मावशींचा हात तिने कधी हातात घेतला नव्हता. हात थंड होता. करंगळी टोकाला वाकडी. एवढ्या जवळून हनुवटीवरचे गोंदणाचे तीन ठिपकेही दिसले. केतकी जपून एकेक नख काढू लागली.

शेवटचं नख झालं आणि मावशींनीच तिचा हात धरला. चार बोटं एकत्र केली, अंगठा आत दुमडला आणि हाताची हाडं हलकेच दाबत त्या पुटपुटल्या,

"सैल सोड, बाय... सैल सोड."

केतकीला ती पकड ओळखीची वाटली. लहानपणी आईबरोबर ती बांगड्या भरायला जायची, तेव्हा कासारीण असाच हात धरायची.

तिथेच बसून तिने ओळ बदलली. 'बांगड्या भरणाऱ्या मावशी. डावी करंगळी वाकडी, हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. हात धरून म्हणतात, सैल सोड बाय.'

बाबांना वाचून दाखवली. आणि मग तिलाच शंका आली.

"असं कोण शोधणार, बाबा? वर्षातून एखादं माणूस..."

"एखादं पुरे."

दीड महिना कुणी आलं नाही. केतकी रोज बघायची. तो फोटो कुणीच उघडत नव्हतं. जुनी ओळ परत टाकावी, असं दोनदा तिच्या मनात आलं.

मग एका दुपारी एक बाई फाटकातून जवळजवळ धावतच आत आली. रंजना तिचं नाव. चप्पल काढायचंही तिला सुचलं नाही.

"दीड वर्ष नुसतं 'आई हरवली' लिहून शोधत होते हो. परवा तिचं 'सैल सोड, बाय' आठवलं. तेवढंच लिहिलं..."

बोलता बोलता तिची नजर आईला शोधत होती.

मावशी ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी लेकीकडे पाहिलं. नजरेत ओळख नव्हती.

रंजना त्यांच्यासमोर बसली आणि तिने हात पुढे केला. मनगट मोकळंच होतं.

मावशींनी तो हात घेतला. बोटं जुळवली, हाडं दाबली. बराच वेळ दाबत राहिल्या. मग मान वर केली.

"किती वाळलीस गं, रंजे..."

दोघी निघाल्या तेव्हा ऊन कललं होतं. रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत केतकी फाटकापाशी उभी होती. परत आली ती डोळे पुसतच.

"बाबा, राहिलेल्या बावीस फोटोंमागे काय लिहू?"

बाबांनी अंगणात पाहिलं. कडुनिंबाच्या पारावर एक म्हातारा मातीत बोटाने रेघा ओढत बसला होता.

"त्या आजोबांची दाढी फार वाढलीय गं."