पालथे फोटो

“चाळिसांतला हा एकच सुरेख आलाय, सर. हाच छापला तर... चालतं ना?”

या प्रश्नानं शाल्मली मणेरीकरला तीन रात्री झोपू दिलं नव्हतं. शेवटी चार वर्षांच्या मिहिकाला कडेवर घेऊन ती निवृत्त खोपकर सरांच्या घरी आली. भौतिकशास्त्राच्या मुलांना ‘प्रयोगवहीत खाडाखोड चालेल, लपवाछपवी नाही’ असं दटावणारी मणेरीकर मॅडम ती हीच.

फोटो चांदीच्या कणांचे होते, केसाहून हजारो पटींनी बारीक. संशोधनाच्या पेपरात तिनं ठासून लिहिलं होतं, कण सुटे राहतात. एका फोटोत ते राहिले होते, मोहरीच्या दाण्यांसारखे. बाकी एकोणचाळिसांत नुसत्या गुठळ्या.

“सगळेच जण उत्तम तेवढाच छापतात, सर. आणि सोमवारी बढतीची मुलाखत आहे. त्याआधी पेपर जायला हवा.”

“बरं. सगळे सतरंजीवर पालथे मांड. मिहिका न बघता एक उचलेल. तो छाप.”

शाल्मलीनं मांडले. सुरेख फोटो, कसा कोण जाणे, मिहिकाच्या अगदी गुडघ्यापाशी आला.

सर उठले, मिहिकाला उचललं आणि सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन बसवलं.

शाल्मलीचे कान तापले.

मिहिकानं एक उचलला. गुठळ्या.

“दुसरा घे गं, सोन्या.”

“का?” मिहिका फोटो सोडेना. “हे सगळे चिकटून बसलेत. थंडी वाजतेय त्यांना.”

“हिचं आपलं काहीतरीच, सर...”

सर हसले नाहीत. “नमुने कुठे ठेवतेस?”

“विभागातल्या फ्रिजमध्ये. सूक्ष्मदर्शक दुसऱ्या संस्थेत, नंबर लागायला महिना जातो. फ्रिज जुना आहे, कधी कधी बाटलीत बर्फ धरतो...”

तिनं मिहिकाच्या हातातल्या गुठळ्यांकडे पाहिलं.

“आणि हा सुरेख?”

“त्या दिवशी कुणाचा तरी नंबर रद्द झाला. बाटली तशीच नेली होती... फ्रिजमध्ये ठेवलीच नव्हती.”

...

मिहिका एकेक फोटो सुलटा करून ओळीत लावत होती. सर तिला फोटो पुढे सरकवून देत होते, जणू त्यांना आज दुसरं काही कामच नव्हतं.

शाल्मलीनं फोन काढला. ‘पेपर पाठवू नकोस,’ असं आपल्या संशोधक विद्यार्थ्याला कळवलं. मुलाखतीचं काय, हे ती सरांना विचारणार होती. विचारलं नाही.

सुरेख फोटो तिनं सतरंजीवरून उचलला. त्याच्याकडे बघवेना. ती तो फाडायला निघाली.

“अगं, राहू दे,” सर म्हणाले. “त्यालाही पंगतीत बसव.”