कौसल्याबाईंनी भरलेली टाकी

"भंते, साठवलेलं पाणी किती दिवस टिकतं?"

भंते सुमेध विहाराचं अंगण झाडत होते. झाडू थांबला नाही.

"उपासक, पाणीपुरवठ्यात तीस वर्षं नोकरी तुम्ही केलीत. तुम्हीच सांगा."

"उजेड लागला नाही तर वर्षभर टिकतं. वास येत नाही, अळ्या होत नाहीत."

"मग मला का विचारलंत?"

रत्नाकर खिल्लाऱ्यांनी पायातली चप्पल उगाच सरळ केली…

वसमतमध्ये कुणाची पाइपलाइन तुंबली, कुणाच्या विहिरीचा झरा आटला की लोक खिल्लारेसाहेबांकडे जात. साहेब कुणाला काही विचारायला गेले, असं आजवर झालं नव्हतं.

भंतेंनी कचरा सुपलीत भरला.

"उद्या भोजनाला तुमच्याकडे येतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खिल्लाऱ्यांनी स्वतः स्वयंपाक केला. वरण, भात, शेंगदाण्याची चटणी. भात थोडा लागला होता. भंते पोटभर जेवले. मग दोघं मागच्या बागेत आले.

टाकीपाशी उभं राहिल्यावर खिल्लाऱ्यांचा आवाज बदलला. साहेबाचा झाला.

"गच्ची नऊशे चौरस फूट. सगळा उतार या कोपऱ्याकडे काढलाय. सर आली की सुरुवातीचं पाणी या वाटेनं बाहेर सोडायचं, त्यात धूळ असते, पाखरांची घाण असते. मग हा व्हॉल्व्ह फिरवायचा. पुढचं पाणी वाळूतून आणि खडीतून गाळून टाकीत येतं. दोन हजार लिटर. एवढ्या बागेला उन्हाळा काढायला पुरतं. सगळी आकडेमोड माझी."

भंते बागेकडे पाहत होते.

मोगऱ्याच्या दोन्ही झाडांच्या पानांच्या कडा करपल्या होत्या. लिंबू पिवळं पडलं होतं. कढीपत्त्याच्या निम्म्या फांद्यांच्या नुसत्या काड्या राहिल्या होत्या.

"पुरलं नाही वाटतं."

"टाकी काठोकाठ भरलेली आहे, भंते."

"मग या झाडांना काय देता?"

खिल्लाऱ्यांनी भिंतीजवळच्या पिंपाकडे बोट केलं.

"बोअरचं. खारट आहे."

भंते टाकीजवळच्या पायरीवर बसले.

खिल्लाऱ्यांनी व्हॉल्व्हवर हात ठेवला.

"गेल्या सप्टेंबरात मी तापानं अंथरुणाला खिळलो होतो. टाकी कौसल्यानं भरली. प्रत्येक सरीला छत्री घेऊन या व्हॉल्व्हपाशी उभी राहायची आणि तिथूनच ओरडून विचारायची, अहो, आता फिरवू का? मी खिडकीतून सांगायचो, थांब अजून… नोव्हेंबरात ती गेली. तेव्हापासून मी तोटीला हात लावलेला नाही."

"आणि बाग कुणी लावली?"

"तिनंच."

भंतेंनी मान हलवली.

"दोन हजार लिटर म्हणालात. त्यात कौसल्याबाई किती?"

खिल्लाऱ्यांचा चेहरा लाल झाला.

"भंते, ही आकडेमोडीची गोष्ट नाही."

"नऊशे चौरस फूट तुम्ही सांगितलंत. मला वाटलं, आकडेमोडच असेल."

"तुम्ही घरदार सोडलेलं. तुम्हाला नाही कळायचं."

"बरोबर आहे," भंते म्हणाले. "मला नाही कळायचं."

ते उठले. चीवर सावरून पिंपापाशी गेले, बादली बुडवून काढली आणि वाकून एका मोगऱ्याच्या बुंध्याशी ओतू लागले. सावकाश, सगळं पाणी मुरेल असं.

"राहू द्या भंते, मी घालतो नंतर."

भंतेंनी बादली पुन्हा भरली. पुन्हा मोगऱ्यालाच.

"बास. एवढं नका घालू."

तिसऱ्यांदा बादली भरली…

"मरेल तो!"

खिल्लाऱ्यांनी भंतेंचा हात धरला. चांगला घट्ट धरला. आपण काय केलं हे लक्षात आल्यावर सोडला, पण बादली मात्र काढून घेतली आणि ते पाणी भिंतीकडे भिरकावून दिलं.

मग ते टाकीकडे गेले. तोटी फिरेना. पाच महिन्यांत जाम झाली होती. घरातून पकड आणली, जोर लावला. आधी गंजकट लाल पाणी आलं, मग स्वच्छ.

बादली भरली. ती मोगऱ्याला घातली. दुसरी भरली, तीही मोगऱ्यालाच, आतला खार खाली धुऊन जावा म्हणून. मग लिंबाला. मग कढीपत्त्याला. त्यांना धाप लागली होती, डोळे वाहत होते, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

मागं वळून पाहिलं तेव्हा भंते निघून गेले होते.

त्या दिवसापासून खिल्लारे रोज संध्याकाळी पाणी घालू लागले. लिंबाला नवी पालवी आली. कढीपत्ता फुटला. मोगऱ्याचं एक झाड गेलं, दुसरं जगलं.

मे संपत आला तेव्हा एके दिवशी तोटीतून नुसती हवा आली.

खिल्लाऱ्यांनी टाकीत उतरून तळाचं पाणी वाटीवाटीनं काढलं. एक कळशी भरली. त्या दिवशी झाडांना त्यांनी काही घातलं नाही.

सकाळी ते कळशी घेऊन विहारात आले. कळशीच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं होतं.

"वंदामि, भंते. टाकी संपली. हे शेवटचं."

भंतेंनी कळशीकडे पाहिलं.

"झाडं कशी आहेत?"

"दोन दिवस थांबतील. आभाळ येतंय." खिल्लारे अडखळले. "भंते… एवढं ठेवू का माझ्याजवळ?"

भंतेंनी फडक्याची गाठ सोडली, फडक्याची घडी केली आणि ती खिल्लाऱ्यांच्या हातात दिली.

"ठेवा. पण झाकू नका. उजेड लागू द्या."