दाजीसाहेबांचा नमस्कार

शाल्मली कानविंदेच्या कृष्णधवल फोटोंखाली नावं नसत. बघणाऱ्याने आधी नीट बघावं, एवढंच तिचं म्हणणं. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला सभागृहाचे अध्यक्ष दाजीसाहेब परचुरे आले. पहिल्याच फोटोत काळ्याभोर गोलाईवरून पाणी ओघळत होतं. "वा, काय पिंडी आहे!" म्हणत त्यांनी चपला काढल्या, डोळे मिटून हात जोडले. चपला घालून ते पुढच्या फोटोकडे वळले आणि भडकलेच.

"उघड्या पाठीची बाई? आत्ताच्या आत्ता उतरवा हे, नाहीतर सभागृहाला कुलूप लावतो!"

शाल्मलीने शांतपणे फोटो उतरवला आणि मागची बाजू त्यांच्यापुढे धरली. तिथे लिहिलं होतं: 'नदीतला कातळ, घाटाची शेवटची पायरी.'

"रोज सकाळी याच्यावर बसूनच संध्या करता ना, दाजीसाहेब?"

दाजीसाहेब गोरेमोरे झाले. "मग ती पिंडी?"

"ते माझ्या बहिणीचं पोट, नवव्या महिन्यातलं. पण तुमचा नमस्कार अगदी योग्य ठिकाणी पोचला हं."

दाजीसाहेबांनी कातळाचा फोटो स्वतःच्या हातांनी परत खिळ्याला लावला. मग चपला दाराबाहेर ठेवून आले आणि उरलेलं प्रदर्शन त्यांनी अनवाणी पाहिलं.